गाळपेऱ्यातलं देणं

जायकवाडीला पक्षी बघायचे तर डिसेंबर-जानेवारीत, असं आमच्याकडे कुणीही सांगेल. नाथसागर तुडुंब असतो, थापटे, तलवार बदकं, चक्रवाक अशी पाहुणेमंडळी उतरलेली असतात, हवाही मानवते. माझी या जलाशयाशी खरी ओळख झाली ती मात्र सरत्या उन्हाळ्यात, आणि ती करून दिली कायगाव टोक्याच्या अंगाला गाळपेरा करणाऱ्या मामांनी. नाव छापलेलं त्यांना आवडायचं नाही. सगळी पंचक्रोशी त्यांना मामाच म्हणते.

नाथसागर बशीसारखा पसरट. फूटभर पाणी उतरलं तरी काठ कुठल्या कुठे मागे जातो. एप्रिल संपता संपता फुगवट्याच्या या शेपटाकडे नुसता चिखल, मधूनमधून डबकी आणि त्यात कोंडलेले मासे. मग काय विचारता! चित्रबलाक, मुग्धबलाक, चमचे, पाणकावळे सगळे एकाच पंगतीला. शेकाटे आपल्या लालभडक काटकुळ्या पायांनी चिखल तुडवत असतात. उशिरा निघालेल्या तुतवारांचे लहानसे थवे दिसतात. हिवाळ्यातला मळकट रंग टाकून ते उत्तरेच्या प्रवासासाठी नटलेले असतात. हे रूप डिसेंबरात येणाऱ्यांच्या नशिबी नाही. फक्त सकाळी नऊच्या आत सगळं उरकायचं, नंतर दुर्बिणीतून मृगजळाशिवाय काही दिसत नाही.

मामांची पहिली गाठ पडली ती अशाच एका सकाळी. मी चिखलाच्या कडेकडेनं चाललो होतो, तेवढ्यात लांबून हाक आली, "सर, तिकडून नका येऊ. वरनं या, बांधाच्या अंगानं." मी शाळेत शिकवतो हे त्यांना कसं कळलं, देव जाणे, बहुधा गळ्यात दुर्बीण आणि डोक्यावर टोपी असलेला प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी सरच असावा. वळसा घालून पोचलो. टरबुजाच्या वेलांपलीकडे एक तुकडा मोकळाच होता. भोवती बाभळीच्या काट्या रोवलेल्या. मामांनी बोट दाखवलं तिकडे मला बराच वेळ फक्त भेगाळलेली जमीन दिसत होती. मग गुरांच्या खुरानं पडलेल्या एका खळग्यात दोन अंडी दिसली. मातीचाच रंग, त्यावर तपकिरी ठिपके. नदी सुरयाची. तोवर मादी डोक्यावर घिरट्या घालू लागली होती. पिवळी चोच, काळी टोपी, आणि एवढ्याशा जिवाचा तो आरडाओरडा! आम्ही बांधामागे सरकून बसलो. ती पाण्यावर गेली, पोट भिजवून आली आणि त्या ओल्या पिसांनिशी अंड्यांवर बसली. "ऊन लई हाये ना," मामा म्हणाले. पुस्तकात हे मी नंतर वाचलं.

त्या तुकड्यात त्यांना काकडी लावायची होती. पाणी हटल्यावर पक्ष्यांनी आधी जागा धरली, म्हणून राहिली. पाणी असं ओसरलं की बेटं काठाला जोडली जातात, मग कुत्री येतात, शेरडं येतात, त्यासाठी काट्या. याबद्दल त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि अभयारण्य म्हणजे त्यांच्या दृष्टीनं अधूनमधून येणारी जीप. १९८६ साली ३४१ चौरस किलोमीटरचं हे पक्षी अभयारण्य जाहीर झालं, त्याच्या कितीतरी आधी या पाण्यानं त्यांना गाठलं होतं.

१९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते धरणाची पायाभरणी झाली, १९७६ साली इंदिरा गांधींनी लोकार्पण केलं. या दोन तारखांच्या मध्ये शंभरावर गावांचं काय झालं, हे मला मामांकडूनच समजलं. त्यांची जमीन गंगेकाठची, म्हणजे गोदावरीकाठची, काळी, कसदार. ती गेली. मोबदल्याचं काय झालं, हे ते सांगत नाहीत. विचारलं की तंबाखू मळायला घेतात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तीच जमीन गाळाखालून वर येते आणि मग ते चार महिन्यांसाठी आपल्याच रानात पेरायला जातात. पक्ष्यांसाठी सोडलेला तो तुकडा त्यांच्या आजोबांच्या मळ्याचा. विहीर कुठे होती, ते पावलं मोजून दाखवतात.

दर उन्हाळ्यात मी जातो. पक्षी किती दिसले याची वही माझ्याकडे आहे, पण त्यातल्या निम्म्या नोंदी खरं तर मामांच्या आहेत. चिखल्या पंख मोडल्याचं सोंग करत लांब पळायला लागला की आपण थांबायचं, कारण पिल्लं मागेच असतात, हे त्यांचं. घरट्याकडे दुसऱ्यांदा पाहायचं नाही, हेही त्यांचंच. घरट्याजवळून फोटो काढणाऱ्यांना ते जी भाषा वापरतात ती इथे लिहिता येणार नाही; माझे त्या भाषेशी मतभेद नाहीत. निघताना गाडीत टरबूज ठेवतात. पैसे काढले की रागावतात. हिनं दिलेल्या चिवड्याच्या पिशव्या तेवढ्या घेतात, त्याही नातवंडांसाठी.

गेल्या वर्षी त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला. शस्त्रक्रियेसाठी ते शहरात आले आणि आमच्याकडेच राहिले. मुक्कामात आमचा नळाचा दिवस आला. शहराला पाणी जायकवाडीचंच, पण ते यायला आठवडा लागतो, त्यामुळे त्या दिवशी घरात लगीनघाई असते. टाकी, पिंप, बादल्या, हंडे. मामा डोळ्याला हिरवी पट्टी लावून ओट्याशी उभे राहून बघत होते.

"कुठलं म्हणायचं हे?"

"तुमच्याकडचंच, मामा. नाथसागराचं."

त्यांनी तांब्या भरून घेतला, वास घेतला, दोन घोट प्यायले.

"अन् पाणीपट्टी कुणाला भरता?"