तांब्या बेगम बाजारातलाच

धर्माबाद सुटलं तशी आई खिडकीकडे सरकली. इथवर मिरचीच्या पोत्यांचा फलाट आणि मराठी पाट्या. पुढचं स्टेशन बासर, तेलंगणातलं. बासरच्या सरस्वतीला तिनं डब्यातूनच हात जोडले. पाठोपाठ गोदावरीचा पूल आला. मुठीत धरून ठेवलेलं नाणं नदीत टाकत ती म्हणाली, "अण्णांच्या वेळी इथं काही बदलायचं नाही. नांदेडही निजामाचं, निजामाबादही निजामाचं."

अण्णा म्हणजे तिचे वडील. आमच्या प्रवासाचं कारणही तेच होते, म्हणजे त्यांचा तांब्या होता. माझ्या धाकट्या भावानं पुण्यात घर घेतलं. पाडवा आठवड्यावर आलेला आणि नव्या घरातली ही पहिली गुढी. पुण्यात तर अख्खी तांबट आळी आहे, तिथं तांब्याची भांडी मिळणार नाहीत का, असं मी विचारून पाहिलं. "मिळतात की," आई म्हणाली. "पण आपल्या गुढीवर हैदराबादच्या बेगम बाजारातलाच तांब्या पालथा पडतो." नांदेडच्या घरातल्या जुन्या तांब्यावर अण्णांचं नाव आहे, त्याखाली 'नांदेड' आणि त्याखाली 'फसली १३५२'. निजामाच्या राज्यात सरकारी कागद फसली सनानं चालत. त्यात ५९० मिळवले की इसवी सन निघतो. म्हणजे तांब्या १९४२-४३ चा. तो घेतला हाली रुपयांत. हाली हे निजामाचं नाणं, इंग्रजांचं ते कलदार, आणि सात हालींना सहा कलदार हा भाव आईला अजून पाठ आहे.

काचीगुड्याला उतरलो. १९१६ सालची घुमटांची ती इमारत आईला स्टेशनपेक्षा देवडीच वाटते. रिक्षा कोठीवरून निघाली. या भागात मराठी माणूस जुना आहे. केशवराव कोरटकरांसारख्यांनी १९०७ साली उभी केलेली विवेकवर्धिनी शिक्षणसंस्था इथलीच. पाडव्याच्या सकाळी या बाजूच्या जुन्या घरांवर गुढ्या दिसतात आणि शेजारच्या तेलुगू घरात उगादीची पचडी कालवली जाते. दिवस एकच, चैत्र शुद्ध प्रतिपदा. त्यांच्या पचडीत कडुलिंबाचा मोहोर, चिंच, गूळ आणि कैरी. आमच्याकडे कडुलिंबाचा कोवळा पाला, गूळ आणि ओवा.

बाजार डाव्या-उजव्या हाताला पसरलेला असताना आईनं रिक्षा अफझलगंजात, नयापुलाच्या तोंडाशी थांबवली. मुसीपलीकडे लाल-गुलाबी दगडाचं हायकोर्ट दिसत होतं. "आधी हे बघ. तांब्याची गोष्ट इथून सुरू होते."

अण्णांचा बांधाचा दावा या कोर्टात होता. नांदेडच्या शेतकऱ्याचं हायकोर्ट तेव्हा हैदराबादला. कागद उर्दूत, वकील उर्दूत बोलणार, निकालही उर्दूतच यायचा. अण्णा गौलीगुड्याच्या पत्र्याच्या बस स्टँडवर उतरत. तो प्रचंड हँगर २०१८ साली कोसळला. तारीख पडली की पूल ओलांडून ते या काठावर येत आणि सणाची खरेदी करूनच परतत. आजीच्या हिशेबात तारखेचा खर्च आणि घंगाळाचा खर्च एकाच ओळीत मांडलेला असे.

मग पोलीस ॲक्शन झाली आणि १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य संपलं. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचे तीन वाटे झाले आणि मराठवाडा मुंबई राज्यात गेला. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, त्या दिवशी अण्णांनी गल्लीत जिलबी वाटली. पुढे दर १७ सप्टेंबरला आणि दर १ मेला ते धुतलेली टोपी घालून झेंडावंदनाला जात. आपल्या राज्याबद्दल कुणी वावगं बोललेलं त्यांना खपत नसे. मात्र वरच्या कोर्टासाठी आता मुंबई गाठावी लागे. औरंगाबादचं खंडपीठ सुरू व्हायला १९८१ साल उजाडलं. आणि पाडव्याच्या आधी अण्णा मुंबईला नव्हे, हैदराबादलाच जात, कोर्टात काही काम उरलेलं नसतानाही. लहानपणी मला हे कोडं वाटे. एवढा महाराष्ट्राचा अभिमान, मग भांडी निजामाच्या गावची का? पुलावर उभं राहून ते कागद, ते वकील आठवले तेव्हा उलगडलं. राज्य त्यांनी आपल्या भाषेतला कागद हातात पडावा म्हणून मागितलं होतं. दुकान बदलायचं त्यांच्या मनातही नव्हतं.

बेगम बाजाराची जागा दुसरे आसफजाह निजाम अली खान यांच्या बेगम हमदा यांनी व्यापाऱ्यांना दिली, असं सांगतात. आजही हा ठोक बाजार. हातगाड्या, हमाल आणि स्कूटर यांतून वाट काढायची तर पिशवी छातीशी धरावी लागते. एका गल्लीत नुसता सुकामेवा, पुढे मसाले, त्यापुढे पूजेचं सामान. मसाल्याच्या दुकानात आईनं दगडफूल चिमटीत चोळून वास घेतला, नाकेश्वर निवडून घेतलं. तिच्या येसराला नांदेडचा किराणा चालतो, हे दोन जिन्नस चालत नाहीत. शेजारी साखरेच्या गाठ्या टांगलेल्या होत्या, होळीच्या उरलेल्या आणि पाडव्याच्या नव्या. खोबऱ्याच्या वाट्यांचे हारही होते. होळीला पोरांच्या गळ्यात गाठी-खोबरं घालायची रीत तेलंगणाच्या या भागातही आहे. फरक एवढाच, की आम्ही त्यातली एक गाठी गुढीसाठी राखून ठेवतो.

भांड्यांच्या गल्लीत आवाज आधी येतो, भांडी मागून दिसतात. मारवाडी दुकानदारानं आमचं बोलणं ऐकलं आणि मराठीतच विचारलं, "नांदेड की लातूर?" उदगीर, देगलूर, परभणी, सगळीकडची गिऱ्हाइकं त्याच्याकडे येतात. आईनं तांब्या बोटानं वाजवला, बुडाशी अंगठा दाबून पत्रा पाहिला, आतून डाग नाही ना ते उजेडात धरून बघितलं. चार तांबे नापास झाले. पाचवा काट्यावर चढला, आणि भावावरून दोघांनी मनापासून भांडून घेतलं.

नाव घालणारा पोरगा दुकानाच्या पायरीवर बसला होता, हातात विजेची सुई. आईनं चिठ्ठी पुढे केली: भावाचं नाव, 'पुणे, महाराष्ट्र', आणि खाली '१९४८'. पोरगा थबकला. "अम्मा, साल गलत है. अब्बी तो दो हज़ार छब्बीस चल रा."

"आमचं नवं साल आहे ते. पाडव्याला शके १९४८ लागतंय."

गल्ल्याशेजारी चहा पीत बसलेले एक वयस्क गृहस्थ वळले. "उन्नीस सौ अड़तालीस? वो तो पुलिस एक्शन का साल है, बहन."

आई क्षणभर गप्प झाली आणि मग मोठ्यानं हसली. "अण्णा असते तर दोनदा जिलबी वाटली असती," ती मला म्हणाली. पोराच्या हातून चिठ्ठी परत घेऊन तिनं आकड्याआधी ठळक 'शके' लिहिलं. उद्या नातवंडांनी हा तांब्या पोलीस ॲक्शनचा म्हणून मिरवायला नको. पोरानं अक्षरं मोजून दोन अक्षरांचे पैसे वाढवले. आई लगेच सरसावून बसली: 'महाराष्ट्र' मोठं नाव आहे, त्यातलं जोडाक्षर दोन अक्षरांचं धरायचं नाही.