चिमुकले दिवे

पोस्टाची तिकिटे किंवा जुनी नाणी जमविणाऱ्याकडे लोक आदराने पाहतात. मी विजेचे जुने, चिमुकले दिवे जमवितो असे कळले, की पाहुणे माझ्याकडे न पाहता सौभाग्यवतीकडे पाहतात. आणि तेही सहानुभूतीने!

वास्तविक माझ्या या नादाला जागा ती किती लागते? आजीच्या पितळी पानाच्या डब्यात सारा संग्रह मावतो. सुपारीच्या कप्प्यात टेलिफोन एक्स्चेंजच्या फळीवरचे सडपातळ दिवे निजले आहेत. काताच्या कप्प्यात कपाळावर भिंगाचा टपोरा थेंब मिरविणारे विजेरीचे दिवे, तर चुन्याच्या डबीत खेळण्यातल्या आगगाडीचे, गव्हाच्या दाण्याएवढे. १८८२ साली एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने न्यूयॉर्कमध्ये नाताळच्या झाडावर ८० छोटे दिवे लावले. त्याच्या घरच्यांनी त्याला काय म्हटले असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो. निऑनचाही एक दिवा माझ्यापाशी आहे. मिट्ट काळोखात तो पेटायला कुरकुर करतो. बाहेरचा थोडा उजेड अंगावर पडला, की चटकन नारिंगी होतो. असे विद्यार्थी मला दरवर्षी भेटतात.

परंतु डब्याच्या मधोमध, एकटा ठेवलेला दिवा आहे तो वडिलांच्या रेडिओतला. ६.३ व्होल्टचा, बोराएवढा. रात्री खोलीतला दिवा मालवून वडील बातम्या ऐकत. काचेच्या पट्टीवरची गावांची नावे तेवढी उजळलेली असत आणि तोच पिवळसर उजेड त्यांच्या चष्म्यावर पडे. पुढे तो रेडिओ भंगारात गेला. मी शाळकरी होतो; दिवा तेवढा काढून खिशात घातला.

“पेटतो का तरी?” सौभाग्यवतीने कितीदा विचारले असेल! मी उत्तर टाळीत असे. थंड तारेचा विद्युतरोध तापलेल्या तारेच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढा असतो. त्यामुळे पहिल्याच क्षणी प्रवाहाचा लोंढा येतो, आणि म्हाताऱ्या तारा बहुधा त्यातच तुटतात. शिवाय इतक्या वर्षांत काचेच्या सांध्यातून आत हवा शिरली असली, तर तार जळून खाक व्हायची. न पेटविलेला दिवा निदान शाबूत तरी असतो.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री वीज गेली. मेणबत्ती शोधताना तीन सेल हाती लागले. व्होल्टेज शेकडा पाच कमी केले तरी दिव्याचे आयुष्य जवळजवळ दुप्पट होते. येथे तर ६.३ ऐवजी ४.५ च मिळणार होते. मी तारा जोडल्या. क्षणभर काहीच झाले नाही. मग आतली तार लालसर झाली, हळूहळू पिवळी झाली, आणि डब्याच्या पितळेवर तो उजेड पसरला. उजेड थोडा मंद होता, पण रंग तोच.

आम्ही दोघे काही न बोलता पाहत राहिलो. किती वेळ गेला कोण जाणे.

“अहो, पुरे आता,” सौभाग्यवती हलकेच म्हणाली, “विझवा तो.”