दम्याचा रकाना

आमच्या घरात 'दमा' हा शब्द तेरा-चौदा वर्षं कुणी उच्चारला नाही. धाकटीला थंडी बाधते, तिची छाती भरते, तिला जरा ॲलर्जी आहे, असं सगळं आम्ही म्हणायचो. ॲलर्जी हा शब्द फार सोयीचा. तो कुणालाही असू शकते, आणि लग्नाच्या बाजारात त्याला फारसा भाव-अभाव नाही. दमा म्हटलं की समोरच्या बाईच्या कपाळावर आठी आलीच. मुलगी सात वर्षांची होती तेव्हाच मी तिच्या स्थळांची काळजी करायला लागले होते, हे आता लिहिताना मला लाज वाटते. पण खरं आहे ते खरं.

निपाणीसारख्या गावात दमा नवीन नाही. आमचं गाव तंबाखूचं. वखारीत तंबाखू चाळायला बसलेल्या बायका तोंडाला पदर गुंडाळून काम करतात, तरी संध्याकाळी खोकत घरी जातात. हंगामात नुसतं त्या गल्लीतून चालत गेलं तरी तो खकाणा घशाला लागतो. आमचं घर वखारींपासून लांब असलं तरी वारं कुणाचं ऐकतं? त्यात दिवाळीनंतर उसाची पाचट पेटते, पावसाळ्यात भिंतींना बुरशी येते. धाकटीला मध्यरात्री धाप लागायची. ती उठून बसायची, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकायची, खांदे वर-खाली व्हायचे, आणि छातीतून मांजराच्या पिल्लासारखा आवाज यायचा. मी तिची पाठ चोळत बसायची. ओव्याचा शेक, आडुळशाचा काढा, सगळं झालं. शेजारच्या एका काकूंनी हैदराबादचं माशाचं औषध सुचवलं. मृग नक्षत्र लागलं की बत्तिनी गौड कुटुंबातले लोक जिवंत मरळीच्या पिलाच्या तोंडात औषध घालून ते गिळायला देतात, आणि त्यासाठी तिथं देशभरातून माणसं रांगा लावतात. मी कानांवर हातच ठेवले. काकू म्हणाल्या, "अगं, शाकाहारी लोकांना गुळातून देतात की!" ते खरंच देतात. पण आम्ही गेलो नाही.

शेवटी डॉक्टरांनी पंप दिला. पंपाची मला औषधापेक्षा जास्त भीती वाटली. "एकदा लागला की सुटत नाही," असं सगळ्यांनी सांगितलेलं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "वहिनी, चष्म्याची सवय लागते म्हणून डोळे झाकून ठेवता का?" त्यांनी दोन पंप दिले होते. एक निळा, धाप लागली की आवळलेल्या श्वासनळ्या लगेच मोकळ्या करणारा. दुसरा रोजचा, सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, आतली सूज हळूहळू उतरवणारा. मी काय करायची, तर धाप लागली की निळा द्यायची, आणि बरं वाटलं की दुसरा कपाटात ठेवून द्यायची. औषध वाचवल्याचं समाधान व्हायचं मला. वर्षानुवर्षं मी आग विझवत होते आणि निखारे तसेच ठेवत होते.

रात्रीच्या पंपाचा प्रश्न आणखी वेगळा. आमच्या घरी सूर्यास्तानंतर तोंडात काही जात नाही. दशलक्षणात एकदा रात्री अकराला धाकटीला धाप लागली, आणि मी पंप हातात घेऊन अडखळले. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, जप थांबवून म्हणाल्या, "खाद्य, स्वाद्य, लेह्य, पेय. ह्या चार आहारांत हे कुठं बसतंय सांग बघू? वारं आहे ते. दे पोरीला!" रोजच्या पंपानंतर चूळ भरून पाणी थुंकायचं असतं, नाहीतर तोंड येतं. हे ऐकून त्या म्हणाल्या, "थुंकायचंच आहे ना? मग झालं की."

अशी ही पोर. बी.ए. झाली आणि एक दिवस म्हणाली, "आई, मी पोलीस भरतीला बसायलेय."

घरात तीन दिवस कुणी नीट जेवलं नाही. आत्तींना पोलीस म्हटलं की १९८१ साल आठवतं. तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी शरद जोशींच्या मागं उभं राहून इथं हमरस्ता अडवला होता, आणि पुढं गोळीबार झाला, माणसं गेली. आत्तींनी तेव्हा आंदोलनकर्त्यांसाठी भाकऱ्या बडवून पाठवल्या होत्या. "आपल्या घरची पोर लाठी घेऊन उभी राहणार?" त्यांनी विचारलं. धाकटी पाठशाळेत शिकलेलीच बोलली. "आज्जी, संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी, अशा चार हिंसा. गृहस्थानं संकल्पी सोडायची. दुबळ्याला वाचवताना होते ती विरोधी. तूच शिकवलंयस." आत्ती गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "शिकवलं त्याचं फळ असं उलटून येतंय बघ."

भरती महाराष्ट्राची. आम्ही कर्नाटकात राहतो, पण महाराष्ट्रानं ज्या ८६५ गावांवर दावा सांगितलाय त्यांत निपाणी आहे, आणि त्या गावांत पंधरा वर्षं राहिल्याचा दाखला असला की आमची मुलं तिकडं अर्ज करू शकतात. सीमाप्रश्नानं आमच्या पिढीला सभा, ठराव आणि काळे दिवस दिले. पोरीला त्यातून निदान एक दाखला मिळाला.

तिच्या हातात दाखला होता, उंची होती, जिद्द होती. मैदानी चाचणी पन्नास गुणांची. मुलींना आठशे मीटर धावणं, शंभर मीटर धावणं आणि गोळाफेक. त्यात आठशे मीटरचे एकट्याचेच वीस गुण. पहिल्या दिवशी ती पहाटे मैदानावर गेली, आणि दुसऱ्या फेरीला वाकून बसली. थंड कोरड्या हवेत पळताना तिची छाती आवळायची. मी मनातून सुटले, झालं एकदाचं, म्हटलं. पण ती घरी न येता थेट छातीच्या डॉक्टरांकडं गेली. एकटी.

फुफ्फुसांची चाचणी, म्हणजे स्पायरोमेट्री, हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. नाकाला चिमटा लावायचा, पोटभर श्वास घ्यायचा, आणि नळीत जीव खाऊन सोडायचा, शेवटचा थेंब संपेपर्यंत, निदान सहा सेकंद. यंत्र दोन गोष्टी मोजतं. एकूण हवा किती आली, आणि त्यातली पहिल्या सेकंदात किती आली. निरोगी माणसाची बहुतेक हवा पहिल्या सेकंदातच बाहेर पडते. दम्यात नळ्या आवळलेल्या असतात, त्यामुळं हवा असते पण बाहेर यायला वेळ लागतो. बारीक तोंडाच्या बाटलीतलं तेल ओतावं तसं. धाकटीची एकूण हवा अडीच लिटर, पहिल्या सेकंदातली एक लिटर सहाशे मिलिलिटर. म्हणजे शंभरातले चौसष्ट. सत्तरच्या खाली आलं की अडथळा आहे असं साधारण धरतात. मग निळा पंप देऊन पंधरा-वीस मिनिटांनी परत फुंकायला लावलं, तर एक लिटर साडेनऊशे. पंपानं इतकं सुधारतं, म्हणजेच हा दमा. डॉक्टरांनी कागदावर तसं लिहिलं. ॲलर्जी नाही, दमा.

ते म्हणाले, "रोजचा पंप रोज घे. मग पळ." तिनं तो रोज घेतला. कपाटाची किल्ली आता माझ्याकडं नव्हती. पळण्याआधी पंधरा मिनिटं अंग चांगलं गरम करायचं, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं निळ्याचे दोन फवारे घ्यायचे, थंडीत नाकातोंडावर रुमाल धरायचा. तिच्या टेबलावर पॉला रॅडक्लिफ ह्या इंग्लंडच्या धावपटूचं चित्र आलं. ह्या बाईला लहानपणापासून दमा, आणि २००३ साली लंडनची मॅरेथॉन तिनं दोन तास पंधरा मिनिटं पंचवीस सेकंदांत पळून जागतिक विक्रम केला. मी ते चित्र रोज पुसायची. सहा-सात महिन्यांत पोर आठशे मीटर पळून सरळ उभी राहायला लागली. मैदानी झाली, लेखी झाली, यादीत नाव आलं.

आणि मग आला तो कागद. वैद्यकीय तपासणीआधी भरून द्यायचा. त्यात एक रकाना होता. क्षय, फिट, दमा, यांपैकी कोणता आजार आहे किंवा होता का? होय / नाही.

भरतीची तयारी करून घेणाऱ्या सरांनी सांगितलं होतं, "नाही लिहायचं. सकाळी पंप मारून जा, छातीला नळी लावली तरी काही ऐकू येत नाही. अशी किती पोरं गेलीत." मला ते पटलं. मी तर तेरा वर्षं तेच करत होते. मी म्हटलं, "बाळे, लिही की 'नाही'. आत्ता कुठं आहे तुला?" तिनं पेन टेकवून माझ्याकडं बघितलं. "आई, उद्या गस्तीवर धाप लागली, तर माझ्याबरोबरचा माणूस माझ्याकडं बघत बसणार की काम करणार? त्याला माहीत नको?" आणि तिनं 'होय'वर खूण केली.

मी त्या रात्री तिच्याशी बोलले नाही. सामायिकाला बसले पण मन लागेना. दशलक्षणात उत्तम आर्जवाच्या दिवशी मी स्वतः महिला मंडळात दोनदा बोललेय. मनात तेच वाणीत, वाणीत तेच कृतीत, म्हणजे आर्जव. टाळ्या पडल्या होत्या. आणि माझ्याच घरात एक पंप भरजरी शालूच्या घडीखाली लपवलेला होता, पाहुण्यांना दिसू नये म्हणून.

तपासणीच्या डॉक्टरांनी 'होय' बघितलं आणि तिला बाजूला बसवलं. आधी फुफ्फुसांची चाचणी करून आणा, मग मत देतो, म्हणाले. एवढंच. ओरडले नाहीत, नाव कापलं नाही. चाचणीच्या आधी सहा तास निळा पंप घ्यायचा नाही, अशी सूचना होती. सरांचा फोन आला, "दोन फवारे मारूनच जा, कोण बघतंय!" धाकटीनं पंप माझ्या पर्समध्ये टाकला. एस.टी.त पुढच्या बाकावर कुणीतरी उदबत्तीचा पुडा उघडून बसलेला. मी ड्रायव्हरशी भांडून खिडक्या उघडायला लावल्या. पोर हसत होती.

खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आतून तंत्रज्ञ बाईंचा आवाज आला. "घ्या, घ्या, घ्या... सोडा! सोडा, सोडा, सोडा, अजून, अजून, संपवा!" बाहेर बाकावर मीही तिच्याबरोबर श्वास सोडत होते. तिसऱ्या वेळी माझ्याच डोळ्यांपुढं अंधारी आली. शेजारच्या बाईनं विचारलं, "तुमचीपण तपासणी आहे का हो मावशी?" एकसारखे आकडे येईपर्यंत तीनदा तरी फुंकावंच लागतं. एकदा नीट आणि दोनदा कसंतरी, हे त्या यंत्राला चालत नाही. तिथं लबाडी करायची म्हटली तर एकच करता येते, कमी फुंकण्याची. जास्त फुंकायला छातीच लागते.

आकडे आले. पहिल्या सेकंदात दोन लिटर चारशे, एकूण दोन लिटर नऊशे. शंभरातले त्र्याऐंशी. पंप दिल्यावर फक्त शंभर मिलिलिटर वाढले, म्हणजे नळ्या आधीच मोकळ्या होत्या. मी ते आकडे एस.टी.च्या तिकिटामागं उतरवून घेतले. दमा गेला नव्हता. तो असतोच, आज आकडे चांगले आले तरी उद्या खकाण्यात परत उसळू शकतो, असं तिथल्या डॉक्टरांनी बजावलं. पण आटोक्यात होता. कारण तिनं रोजचा पंप रोज घेतला होता, आणि मी तो कपाटात ठेवत होते.

आठ दिवसांनी 'पात्र' असा शेरा आला. आत्तींनी मंदिरात श्रीफळ पाठवलं आणि वर म्हणाल्या, "लाठी चालवायची वेळ आली तर णमोकार म्हण आधी." धाकटी म्हणाली, "आज्जी, आधी शिट्टी वाजवतात."

ती प्रशिक्षणाला गेली त्या दिवशी तिची बॅग मी भरली. दोन्ही पंप वरच्या खणात, हात घातला की लागतील असे. शालूच्या घडीखालची जागा रिकामी झाली.

परवा थोरल्या वैनींचा फोन आला. त्यांच्या नातवाला रात्री धाप लागते, छातीतून आवाज येतो. "ॲलर्जी असंल गं काहीतरी," त्या म्हणाल्या. मी क्षणभर थांबले. मग म्हटलं, "वैनी, दमा असंल. आमच्या धाकटीला आहे. आधी फुंकायची चाचणी करून घ्या."

पलीकडं बराच वेळ शांतता होती. मग वैनी हळूच म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं...?"

"होय," मी म्हटलं.