थांबायचं की निघायचं

अपघाताच्या जागी रुग्णवाहिका पोचली की गर्दीतून एक आवाज हमखास येतो : "डॉक्टर, बघत काय बसलात, गाडी काढा!" आमच्या शास्त्रातला सगळ्यांत कठीण प्रश्न त्या माणसाने नेमका पकडलेला असतो. रुग्णालयाबाहेरच्या उपचारांतली औषधं मोजकी आणि यंत्रंही मोजकीच, ती शिकता येतात. कोणासाठी जागेवर थांबायचं आणि कोणाला घेऊन लगेच निघायचं, हे ओळखायला मात्र वर्षं जातात.

महाराष्ट्रात 2014 साली 108 सेवा सुरू झाली ती 937 गाड्यांनिशी. त्यांतल्या 233 प्रगत जीवरक्षक उपकरणांच्या होत्या आणि प्रत्येक गाडीत डॉक्टर ही कल्पना पहिल्यापासून होती. मी अतिदक्षता विभागात काम करतो आणि अशा गाड्यांवरच्या तरुण डॉक्टरांना शिकवतो. त्यांच्याशी पहिला वाद नेहमी सलाईनवरून होतो.

बोरघाटात ट्रकने उडवलेला दुचाकीस्वार डोळ्यांसमोर आणा. रक्तदाब 80, नाडी वेगात, पोट ताणलेलं. सलाईनची बाटली लटकली की नातेवाइकांना उपचार सुरू झाल्यासारखं वाटतं, आणि खरं सांगायचं तर डॉक्टरलाही. पण आत रक्तवाहिनी फाटलेली आहे. शरीराने तिथे कशीबशी गुठळी धरली आहे. त्यात दोन लिटर सलाईन ओतलं की दाब वाढून गुठळी सुटते, आणि उरलेलं रक्त इतकं पातळ होतं की पुन्हा गोठत नाही. ह्यूस्टनमध्ये धडाला भोसकल्याच्या किंवा गोळीच्या जखमा झालेल्या 598 रुग्णांचा अभ्यास 1994 साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेपर्यंत सलाईन रोखून धरलेल्यांपैकी 70 टक्के जगले, लगेच सलाईन दिलेल्यांपैकी 62 टक्के. आपल्याकडचे बहुतेक अपघात मुक्या माराचे असतात, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा इथे लावता येत नाही. तत्त्व मात्र टिकलं आहे : मनगटाची नाडी लागेल इतकाच दाब ठेवायचा आणि निघायचं. डोक्याला मार असेल तर हा नियम मोडायचा. सुजलेल्या मेंदूला रक्त पोचायला दाब लागतो, तिथे वरचा आकडा 110 च्या खाली जाऊ द्यायचा नाही. एकाच माणसाचं पोटही फुटलेलं आणि डोकंही, तेव्हा काय करायचं हे कुठलाच तक्ता सांगत नाही.

निघण्यापूर्वी करायच्या गोष्टी थोड्या, पण त्या चुकवायच्या नाहीत. हातापायातून रक्त उसळत असेल तर पट्टा आवळायचा आणि आवळल्याची वेळ लिहायची. पेल्व्हिस मोडल्याची शंका असेल तर चादरीची घडी खुब्यांच्या पातळीवर घट्ट बांधायची. ती हमखास कमरेला बांधली जाते, आणि तिथे तिचा उपयोग नाही. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड एक ग्रॅम. पाळीत फार रक्त जातं म्हणून बायका ज्या गोळ्या घेतात तेच हे स्वस्त औषध. 40 देशांतल्या वीस हजारांहून जास्त जखमींवर त्याची चाचणी झाली, त्यांत भारतातले रुग्णही मोठ्या संख्येने होते. त्या चाचणीचा 2011 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष प्रत्येक गाडीत ठळक लिहून ठेवावा असा आहे : तीन तासांच्या आत दिलं तर जीव वाचतात, त्यानंतर दिलं तर रक्तस्रावाने जाणाऱ्यांची संख्या वाढते. आणि पावसाळ्यात भिजलेले कपडे कापून काढायचे, गाडीतला एसी बंद करायचा, घोंगडी पांघरायची. गार पडलेल्या शरीरात रक्त गोठत नाही. हे काम कमी प्रतीचं समजलं जातं याचा मला राग येतो.

श्वासनलिकेत नळी घालण्याचा मोह सलाईनच्या मोहाहून मोठा. मेंदूच्या जखमींना रुग्णालयाबाहेर औषध देऊन नळी घालण्याचे दोन अभ्यास मी नेहमी शेजारी ठेवून शिकवतो. 2003 साली सॅन डिएगोमध्ये नळी घातलेल्यांचे मृत्यू जास्त निघाले. अनेकांचा ऑक्सिजन मध्येच घसरला होता आणि नंतर श्वासही गरजेपेक्षा भराभर दिले गेले होते. 2010 साली ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात, काटेकोर शिकवलेल्या पॅरामेडिकांच्या हातून, सहा महिन्यांनी चांगल्या अवस्थेत असणारे 51 टक्के होते. ज्यांना वाटेत नळी घातली नव्हती त्यांच्यात 39. नळी तीच, फरक आधीच्या आणि नंतरच्या पाच मिनिटांत. रक्त गेलेल्या माणसाला भूल देऊन जोराने हवा भरली की हृदयाकडे परतणारं रक्त अडतं आणि नाडी जाते. हात पुरेसे तयार नसतील तर अँबू बॅग आणि घट्ट बसवलेला मास्क हाच उत्तम उपचार आहे.

हृदय बंद पडलं असेल तर नियम पालटतो. तिथे थांबायचं. धावत्या गाडीत छाती नीट दाबली जात नाही. पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120, आणि शक्य तितक्या लवकर शॉक, हे घराच्या फरशीवरच करायचं. घरच्यांचा आरडाओरडा सोसत तिथे टिकून राहायला धैर्य लागतं.

ग्रामीण भागात मला सर्वांत जास्त सलते ती सर्पदंशाची गोष्ट. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. वेदना फार नसते, खूण दिसतेच असं नाही. पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या जड होतात. अशा रुग्णाला प्रतिविषाचा एकही थेंब न देता जिल्ह्याला धाडलेलं मी पाहिलं आहे, तेही सोबत अँबू बॅग धरणारं कोणी नसताना. पहिल्या दहा कुप्या जवळच्या केंद्रातच सुरू व्हायला हव्यात. वाटेत छातीचे स्नायू थांबले तर प्रत्येक श्वास हाताने द्यायची तयारी हवी. एवढं केलं तर हा माणूस बहुधा चालत घरी जातो.

एक मागणी मी रुग्णालयांतल्या सहकाऱ्यांकडे करत आलो आहे. गाडीवरचा डॉक्टर रुग्ण सोपवतो, सही घेतो आणि पुढच्या कॉलला जातो. त्या रुग्णाचं पुढे काय झालं, पोटात रक्त निघालं का, नळी योग्य वेळी पडली होती का, हे त्याला कोणी कळवत नाही. अशाने थांबण्या-निघण्याचा त्याचा अंदाज सुधारणार कसा? दुसऱ्या दिवशी दोन ओळींचा निरोप गाडीवर जावा, रुग्ण वाचला तरी आणि गेला तरी.