आधी चेंजओव्हर, मग जनरेटर

शेलूबाजारला समृद्धीचा इंटरचेंज झाला, घरं वाढली, घरांत एसी आले. पण रोहिणी-मृगाच्या वादळात तारा तुटायच्या त्या तुटतातच. मग गिऱ्हाईक येतं, "भाऊ, लाईट गेली की समदं घर चाललं पाहिजे."

समदं कशाला? 150 एएचच्या बॅटरीत कागदावर 1.8 युनिट वीज मावते. दोन पंखे आणि एका दिव्याची रात्र इन्व्हर्टरवर निघते. जनरेटर लागतो तो बोअरच्या मोटरीला, नाहीतर घरात ऑक्सिजनच्या मशीनवरचा पेशंट असेल तर.

मोटर आली की हिशेब बदलतो. एक एचपी म्हणजे 746 वॅट खरे, पण सुरू होताना मोटर क्षणभर पाच-सहा पट करंट ओढते. त्यात केव्हीए म्हणजे किलोवॅट नव्हेत. बहुतेक डिझेल सेटला 0.8 ने गुणा, 5 केव्हीएचे 4 किलोवॅट उरतात. "दोन केव्हीएत भागेल" म्हणणाऱ्याची मोटर नुसती गुरगुरते. उलट, भलं मोठं डिझेल मशीन घेऊन त्यावर चार दिवे लावले तर डिझेल पुरतं जळत नाही, सायलेन्सरमधून काळं तेलकट पाझरतं.

छतावर सोलर असलेले निर्धास्त असतात. ग्रिडला जोडलेलं साधं सोलर लाईट गेली की भर उन्हातही बंद पडतं. ते मुद्दाम तसं बनवलेलं असतं, कारण बाहेर खांबावर लाईनमन असतो.

जनरेटरला ही अक्कल नसते. काही घरांत मला दोन्ही टोकांना थ्रीपिन टॉप लावलेली वायर दिसते: एक टोक जनरेटरात, दुसरं भिंतीच्या सॉकेटात. मेन स्विच चालू राहिला तर वीज मीटरमधून उलटी बाहेर निघते. डीपी 11,000 व्होल्ट उतरवून आपल्याला देते. उलट्या बाजूने वीज मिळाली तर तीच डीपी व्होल्टेज चढवते. वर लाईन बंद समजून माणूस तारेला हात घालतो. अशी वायर दिसली की मी आधी ती कापतो, बोलणं नंतर.

म्हणून मशीनच्या आधी चेंजओव्हर बसवतो. एका बाजूला महावितरण, एका बाजूला जनरेटर, मध्ये बंद. आणि फेजबरोबर न्यूट्रलही तुटला पाहिजे. शंभर-दोनशे रुपये वाचवायला इथे घासाघीस करणारे मला समजतच नाहीत.

चोरीच्या भीतीने मशीन जिन्याखाली ठेवतात. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्याला कळतही नाही. मशीन बाहेरच हवं, खिडकीपासून लांब. साखळदंड घाला हवा तर.

राहिली अर्थिंग. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पाइपाभोवतीची माती सुटते आणि अर्थिंग नावालाच उरते. खड्ड्यात कोळसा-मीठ मी भरून देतो. एप्रिल-मेमध्ये आठवड्याला बादलीभर पाणी ओतणं मात्र घरच्यांकडे. त्यासाठी मला फोन करू नका.