डाळिंबाची बाग

शनिशिंगणापूर हे नेवासे तालुक्यातील गाव, घरांच्या चौकटींना दारे न लावण्याच्या जुन्या रीतीसाठी प्रसिद्ध आहे. तेथील शनिदेवाची शिळाही छपराविना मोकळ्या चौथऱ्यावर उभी आहे. पण या अहिल्यानगर जिल्ह्यात एक फळ असे पिकते, की त्याची तिजोरी निसर्गानेच बंद करून ठेवली आहे. वर चिवट साल, आत पातळ पडद्यांचे कप्पे आणि कप्प्याकप्प्यांत माणकांसारखे दाणे! ते फळ म्हणजे डाळिंब.

हा मुलूख पावसाला पारखा. ऊस सदा तहानलेला; डाळिंब मात्र थोडक्यात भागवते. मुरमाड जमीन आणि कोरडी हवा त्याला मानवते.

परंतु त्याची शेती सोपी नव्हे. झाड आपल्या मर्जीने वर्षभर थोडेथोडे फुलते. अशाने बाजारात माल कसा जावा? म्हणून शेतकरी मृग, हस्त किंवा आंबे यांपैकी एकच बहार धरतो. विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पुरेल, यावर ही निवड ठरते. मग तो झाडाचे पाणी तोडतो. हलक्या जमिनीत महिना-सव्वा महिना हा ताण चालतो. पाने पिवळी पडून गळतात. घरातील लहानगे कळवळून विचारते, “झाडाला तहान लागली असेल ना?” बाप उत्तर देत नाही. विहिरीत पाणी असताना हात आवरणे त्यालाही जड जाते.

ताण पुरा झाला, की खत आणि पाणी मिळते. उघड्या फांद्यांवर पालवी फुटते आणि पाठोपाठ लालभडक फुले येतात. त्यांतही घंटेसारखी फुले गळून जातात; कलशासारखी तेवढी फळे धरतात. पुढे पाच-सहा महिने जिवाची उलघाल! पाण्यात अनियमितपणा झाला, तर फळे तडकतात. दमट हवेत तेल्या रोग पडला, तर पाहता पाहता बाग काळवंडते.

या कष्टांना विद्येची जोड मिळाली. डॉ. चीमा यांनी 1936 साली पुण्याच्या गणेशखिंड बागेत मऊ बियांचा वाण निवडला. तोच पुढे ‘गणेश’ झाला. शेजारच्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने लालबुंद ‘भगवा’ दिला.

अखेर तोडणीचा दिवस उगवतो. पेट्या भरून झाल्यावर बाप एक तडकलेले फळ उचलतो. असली फळे बाजारात जात नाहीत. तो ते फोडून लहानग्याच्या ओंजळीत दाणे ओततो. मागे विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्या ओंजळीत असते.