चाळीतला कांदा कधी विकायचा?

आमचं शेत निफाड तालुक्यात, बाजार लासलगावचा. एप्रिलमध्ये उन्हाळ कांदा निघाला की घरात एकच चर्चा चालते. आत्ताच विकायचा, की साठवणीच्या चाळीत भरायचा? चाळीत तो चार-पाच महिने राहतो, पण वजन घटतं, पावसाळी हवेत सड लागते, पुढे कोंब येतात. १०० क्विंटलातले ३०-४० क्विंटल सहज जातात. ३५ क्विंटल गेले, तर भाव दीडपट होऊनही हाती पैसा जवळपास तेवढाच येतो.

हा हिशोब आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे, तरी निर्णय त्यावर होत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं आणि आमच्याकडचे लिलाव काही दिवस बंद पडले. पुन्हा सुरू झाल्यावर शेजारचे काका भरलेला ट्रॅक्टर घेऊन उभे होते. म्हणाले, "एवढ्यात कसा देऊ रे? आधीचा भाव बघितलाय मी." कांदा परत चाळीत गेला. तिथे तो रोज थोडा थोडा सडत होता, पण तो तोटा पावतीवर दिसत नव्हता.

काकांनाच असं वाटतं असं नाही. डॅनियल कानेमन आणि अ‍ॅमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ साली हेच मांडलं. माणूस नफा-तोटा मनातल्या एका आकड्यापासून मोजतो, आणि मिळाल्याच्या आनंदापेक्षा तेवढंच गमावल्याचं दुःख त्याला कितीतरी जास्त होतं. म्हणून तोटा समोर दिसला की तो टाळण्यासाठी माणूस आणखी मोठी जोखीम घेतो.

आमच्या घरी आईचा नियम चालतो. सोसायटीचं कर्ज, खताची उधारी आणि मजुरी फिटेल एवढा कांदा काढणीलाच विकायचा. उरलेला चाळीत भरायचा आणि ठरलेल्या तारखांना टप्प्याटप्प्याने काढायचा, भाव चढलेला असो वा पडलेला. सगळ्यात वरचा भाव आम्हाला क्वचितच मिळतो. पण भाव कोसळला तरी देणं आधीच फिटलेलं असतं, त्यामुळे घाबरून काही करावं लागत नाही.

कांदा साठवणाऱ्या प्रत्येकाला माझं एवढंच सांगणं आहे. किती गेलं तरी घर चालेल, हे चाळ भरण्याआधीच घरच्यांसोबत बसून ठरवा. भाव पडल्यावर ते ठरवता येत नाही.